कलकत्ता, कोलकाता आणि साडेपाच तास

भारतीय वेळेवर लावलेल्या लिनक्स सर्व्हरला त्याचा कालविभाग विचारा. सर्व्हर पुण्यात असो की नागपुरात, उत्तर येते ‘एशिया/कोलकाता’. शहराचे नाव २००१ मध्ये बदलले. पुढे संगणकांच्या कालविभागांच्या यादीतही बदलले. ‘एशिया/कलकत्ता’ हे जुने नाव टोपणनावासारखे मागे राहिले.

हे नाव आणि ही वेळ, दोन्ही आभासी यंत्रे हलवताना अडचणीत आणतात. आभासी यंत्र म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालणारा, फाइलींच्या रूपातला संगणक. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने अशी यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली, परवान्यांची पद्धत बदलली आणि अनेकांनी आपली यंत्रे प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही अशा ठिकाणी हलवायला घेतली. डिस्कचा ड्रायव्हर नसला तर यंत्र सुरूच होत नाही. नेटवर्क कार्ड बदलले की नेमून दिलेला आयपी पत्ता हरवतो. हे पहिल्याच तासात कळते, म्हणून त्याची मला धास्ती नाही. धास्ती आहे ती घड्याळाची.

विंडोज धरून चालते की यंत्राचे मूळ घड्याळ स्थानिक वेळ दाखवते. लिनक्सवरचा यजमान सर्व्हर ते बहुधा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर ठेवतो. सेटिंग राहून गेले, तर सकाळी ९ वाजता सुरू केलेल्या विंडोजला पहाटेचे ३.३० वाजलेले दिसतात. थोड्या वेळाने नेटवर्कवरून खरी वेळ मिळते, काटे जागेवर येतात, कुणाला पत्ताही लागत नाही. मधल्या नोंदींवर मात्र पहाटेचा शिक्का बसून जातो. ओळख पटवणारी कर्बेरॉस पद्धत सहसा ५ मिनिटांपलीकडचा फरक खपवून घेत नाही. घड्याळ चुकीचे असेतोवर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारले जाते.

हलवता हलवता ऑपरेटिंग सिस्टिमही नवी केली, तर नावाचा घोळ होतो. जावाचे प्रोग्रॅम अजूनही कित्येकदा ‘कलकत्ता’ म्हणतात. लिनक्सच्या डेबियन या प्रकाराच्या नव्या आवृत्तीने जुनी नावे काढून वेगळ्या पॅकेजात ठेवली आहेत. ते पॅकेज नसले, तर पोस्टग्रेस डेटाबेस हे नाव ओळखत नाही आणि जोडणीच नाकारतो.

वेळेचा असा घोळ कलकत्ता शहराने पूर्वीही पाहिला आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी कलकत्त्याने सुमारे २३ मिनिटे पुढे असलेली आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. आपल्या मुंबईने तर ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सांभाळली.

तुमच्याकडे अशी यंत्रे हलवली असतील, तर एक करा. एखादे यंत्र नेटवर्क तोडून पुन्हा सुरू करा आणि त्याचे घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहा.