जुन्या दारावरचा रखवालदार

एचटीटीपी आणि एचटीटीपीएस यांत फरक एका अक्षराचा. पण पहिल्याने पाठविलेला मजकूर वाटेतल्या कोणालाही वाचता येतो, बदलताही येतो. सर्व्हरला यांसाठी दोन निराळी दारे असतात : पहिल्याचा क्रमांक ८०, दुसऱ्याचा ४४३. मग ८० क्रमांकाचे दार कायमचे चिणून का टाकीत नाहीत? कारण जुने दुवे आणि छापील पत्रकांवरचे पत्ते त्याच दाराशी येतात. दार बंद दिसले की पाहुण्याला वाटते, घरात कोणी नाही. म्हणून तेथे एक रखवालदार बसवितात. पान न देता '३०१' हा संकेत व नवा पत्ता हाती ठेवायचा, एवढेच त्याचे काम. ब्राउझर मुकाट्याने ४४३ कडे वळतो.

पुष्कळ जण येथेच थांबतात. पण रखवालदाराशी झालेले बोलणे उघड्यावरच झालेले असते! प्रवेश-अर्ज जुन्या दाराशी भरून दिला असेल, तर परवलीचा शब्द आधीच वाटेत सांडलेला असतो. मागाहून वळवून काय उपयोग? ओळख पटविणाऱ्या कुकीचेही तेच. (तिच्यावर 'सिक्युअर' असा शिक्का असेल तर ती या वाटेने जातच नाही, शिक्का मारायला कष्ट पडत नाहीत, तरी राहून जातो.) याहून वाईट म्हणजे, फुकटच्या वाय-फायवर मध्ये बसलेला लबाड माणूस रखवालदाराचा निरोप आपल्यापर्यंत पोहोचूच देत नाही. तो स्वतः ४४३ वर बोलतो आणि आपल्याशी मात्र ८० ची भाषा चालू ठेवतो. मॉक्सी मार्लिनस्पाइक याने २००९ साली 'एसएसएलस्ट्रिप' या साधनाने हे करून दाखविले. पान नेहमीसारखेच दिसे, फक्त कुलपाचे चिन्ह नसे. आणि ते पाहतो कोण?

यावरचा उतारा २०१२ साली प्रमाण ठरला. त्याचे नाव 'एचएसटीएस'. सुरक्षित जोडणीवरून सर्व्हर ब्राउझरला बजावतो की, पुढील इतके सेकंद (पुष्कळदा ३,१५,३६,०००, म्हणजे एक वर्ष) माझ्याकडे ८० ने येऊच नकोस. मग जुना दुवा दाबला तरी ब्राउझर घरातून निघतानाच वाट बदलतो. उरते ती अगदी पहिली भेट. तिच्यासाठी ब्राउझरमध्येच आधी घालून दिलेली नावांची यादी असते. तीत नाव घालणे सोपे, काढणे फार वेळखाऊ; तेव्हा आपली सगळी सबडोमेन एचटीटीपीएसवर चालतात की नाही, हे आधी तपासावे. प्रमाणपत्राच्या खर्चाची सबब तर 'लेट्स एन्क्रिप्ट'ने २०१५ पासून उरू दिलेली नाही.