भिंतीमागची फट

जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत पन्हाळगडाचा मुख्य रस्ता खचून वाहतूक बंद पडली, हें कोल्हापूरकरांच्या स्मरणांत आहे. त्या प्रसंगाचीं कारणें सांगणें आमचें काम नव्हे. परंतु डोंगरउतारावरील संरक्षक भिंतीवर भार कशाचा येतो, हा विचार त्यानिमित्तानें करूं.

कूलाँब या फ्रेंच अभियंत्यानें १७७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत दाखविलें कीं, भिंतीमागील मातीची एक पाचर घसरूं पाहते व तीच भिंतीस रेटते. भिंत ३ मीटर उंच, सपाट भराव कोरडा, त्याचें वजन घनमीटरास १८०० किलो आणि अंतर्घर्षणाचा कोन ३० अंश धरूं. भिंत किंचित् सरूं शकत असेल, तर तळाशीं दाब उभ्या वजनाच्या एक तृतीयांश, म्हणजे चौरस मीटरास १८०० किलो येतो. पाचरीची माथ्याकडील रुंदी सुमारें पावणेदोन मीटर होते.

आतां मागें अभंग कातळ असून मधली फट अर्धा मीटरच असेल तर? पुरी पाचर तेथें मावतच नाहीं. घरांतील कणगी आठवा. धान्याचें कांहीं वजन तिच्या बाजूच घर्षणानें पेलतात. म्हणून उंचीच्या प्रमाणांत तळाचा दाब वाढत नाहीं. यान्सेन या जर्मन अभियंत्यानें १८९५ सालीं याचें गणित मांडलें. दोन्ही बाजूंच्या घर्षणाचा कोन २० अंश धरल्यास आपल्या भिंतीच्या तळाशीं दाब सुमारें ९५० किलो, म्हणजे जवळजवळ निम्माच उरतो.

एवढ्यावर भिंत बारीक करण्याचा मोह होतो. परंतु पाणी घर्षण जाणत नाहीं. द्रवाचा दाब केवळ खोलीवर अवलंबून असतो, हें आपण पदार्थविज्ञानांत शिकतों. फट वीतभर असो वा रंकाळ्याएवढी रुंद, ३ मीटर पाण्याचा तळाशीं दाब ३००० किलोच! शिवाय अरुंद फटींत धुम्मसास जागा नसल्यानें भराव पोकळ राहतो व पाणी सहज शिरतें. म्हणून तेथें खडीचा थर आणि भिंतीस पाणी निघून जाण्याचीं भोकें अत्यावश्यक होत.

विद्यार्थ्यांनीं पावसाळ्यांत अशीं भोकें अवश्य पाहावींत. तीं वाहत असल्यास समाधान मानावें. मुसळधार पावसांतहि तीं मातीनें बुजलेलीं दिसलीं आणि भिंत फुगलेली असली, तर तिच्या पायथ्याशीं क्षणभरहि न थांबतां वडील माणसांस कळवावें.