वेळ वाटता येतो, जागा वाटता येत नाही : एका संगणकावर अनेक गेम

संगणकावर एक व्हिडिओ गेम चालू असताना दुसरा उघडला तर पहिल्याचा वेग निम्मा होईल, आणि तिसरा उघडला तर एक तृतीयांश उरेल, असा हिशेब साधारणपणे मनात धरला जातो. परंतु प्रत्यक्षातील अनुभव या हिशेबात बसत नाही. काही वेळा दोन गेम शेजारीशेजारी चालूनही कोणताच फरक जाणवत नाही, काही वेळा दोन्हींचा वेग थोडाथोडा उतरतो, आणि काही वेळा दुसरा गेम उघडताच माउसचा बाणसुद्धा जागचा हलेनासा होतो. एकाच यंत्राच्या वागण्यातील या तीन तऱ्हांचे मूळ एका साध्या भेदात आहे : संगणकाची काही साधने पाळीपाळीने वापरता येतात, तर काही साधने ज्याने व्यापली त्याच्याकडेच अडकून राहतात.

हा भेद पाहण्यापूर्वी गेम हा इतर प्रोग्रॅमपेक्षा वेगळा कसा, हे ध्यानात घ्यावे लागते. पत्र लिहिण्याचा प्रोग्रॅम कळ दाबली जाईपर्यंत जवळजवळ निद्रिस्त असतो. गेम मात्र खेळाडू स्तब्ध बसला असला तरी अखंड काम करीत राहतो, कारण त्याच्या गाभ्याशी एक चक्र फिरत असते. खेळाडूने काय केले ते वाचायचे, त्यानुसार खेळातील जगाची नवी स्थिती ठरवायची, तिचे चित्र काढायचे आणि पुन्हा आरंभापासून सुरुवात करायची, असे ते चक्र होय. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात, आणि सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, एवढाच अवधी मिळतो. काम पूर्ण होणे गेमच्या बाबतीत पुरेसे नसते. ते मुदतीत पूर्ण व्हावे लागते.

एकाच यंत्राने अनेकांची कामे पाळीपाळीने करण्याची कल्पना गेमच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कालविभाजन प्रणाली चालवून दाखवली, तीत एका महागड्या संगणकाचा वेळ लहान तुकड्यांत कापून अनेक वापरकर्त्यांना वाटला जात असे. एकाच वेळी अनेक प्रतिस्पर्ध्यांशी खेळणारा बुद्धिबळपटू जसा एका पटावर चाल करून पुढच्या पटाकडे सरकतो, तसाच प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा गणना करणारा भाग, एका कामाकडून दुसऱ्याकडे जातो. कोणाची पाळी केव्हा आणि किती वेळ, हे ऑपरेटिंग सिस्टीममधील नियोजक ठरवतो, आणि पाळ्या इतक्या झपाट्याने फिरतात की सर्व कामे एकदमच चालली आहेत असा भास होतो.

आजच्या प्रोसेसरमध्ये असा बुद्धिबळपटू एकटा नसतो; सहा, आठ किंवा त्याहून अधिक स्वतंत्र गणक एकाच चिपवर बसवलेले असतात आणि त्यांना कोअर म्हणतात. बऱ्याच गेममध्ये मुख्य चक्राचा भार एकदोन कोअरवरच पडतो, कारण खेळातील पुढची घटना आधीच्या घटनेवर अवलंबून असल्यामुळे ते काम सगळ्या कोअरमध्ये सारखे विभागता येत नाही. अविभाज्य राहिलेला भागच एकूण वेगाला मर्यादा घालतो, हे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले होते. एका गेमची ही उणीव दोन गेमच्या पथ्यावर पडते, कारण पहिल्याला न वापरता आलेले कोअर दुसऱ्याला मोकळे मिळतात. दोन साधे गेम आठ कोअरच्या यंत्रावर बिनतक्रार नांदतात ते यामुळेच.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट निराळी आहे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर जवळपास २० लाख ७४ हजार ठिपके असतात, आणि सेकंदाला ६० फ्रेम काढायच्या तर सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. हे काम एकमेकांपासून स्वतंत्र असल्यामुळे ते कार्डातील हजारो लहान गणकांना एकदम वाटून देता येते. परिणामी दृश्यांनी समृद्ध असा एकच गेम संपूर्ण कार्ड कामाला लावू शकतो आणि दुसऱ्यासाठी मोकळे असे फारसे काही उरत नाही. एका गेमच्या फ्रेमला कार्डाचे १२ मिलिसेकंद आणि दुसऱ्याच्या फ्रेमला १० मिलिसेकंद लागत असतील, तर वेगवेगळे चालवल्यास ते सेकंदाला अनुक्रमे ८३ आणि १०० फ्रेम देऊ शकतात. पण आळीपाळीने एकेक फ्रेम काढायची झाल्यास दोन्ही मिळून २२ मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४५ फ्रेम येतात. त्यातही सरासरीपेक्षा फ्रेममधील अंतराचा नियमितपणा डोळ्याला अधिक जाणवतो. पाळी कधी लवकर, कधी उशिरा आली, तर सरासरी समाधानकारक असूनही हालचाल अडखळत असल्यासारखी दिसते.

येथवरची घसरण सौम्य असते, कारण वेळेच्या वाटणीत प्रत्येकाला कमी का होईना, काहीतरी मिळतेच. स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या बाबतीत हा न्याय लागू होत नाही. गेमचे नकाशे, आकृत्या, ध्वनी आणि पात्रांची स्थिती हे सारे रॅममध्ये मांडून ठेवावे लागते आणि दुसऱ्या गेमची पाळी चालू असतानाही ते तेथेच राहते. बुद्धिबळपटू पुढे सरकला तरी मागचा पट टेबलावर मांडलेलाच असतो. टेबलावर जागा संपली तर काय करावे, याचे उत्तर मँचेस्टर विद्यापीठातील अ‍ॅटलस या संगणकाने १९६२ मध्ये आभासी स्मृतीच्या रूपाने दिले होते : तूर्त नको असलेला मजकूर दुय्यम साठवणीवर (तेव्हा चुंबकीय ड्रमवर, आज डिस्कवर) हलवायचा आणि गरज पडताच परत आणायचा. परंतु रॅममधून माहिती मिळण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागत असतील, तर एसएसडीला त्याच्या सुमारे हजारपट आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला सुमारे लाखपट वेळ लागतो. दोन्ही गेमना आपापला सर्व मजकूर सेकंदात अनेकदा हवा असेल, तर एकाचा पट कपाटात ठेवून दुसऱ्याचा मांडण्यातच सारा वेळ जातो आणि चाल करणे राहूनच जाते. या अवस्थेचे विश्लेषण पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये केले आणि प्रत्येक कामाला सतत हाताशी लागणाऱ्या मजकुराचा एक संच असतो, असे मांडले. अशा सर्व संचांची बेरीज रॅममध्ये मावते तोपर्यंत यंत्र सुरळीत चालते. ती रॅमपेक्षा बरीच वाढली की वेग हळूहळू न उतरता कड्यावरून कोसळल्यासारखा पडतो. बाण जागचा न हलण्याचा अनुभव बहुधा या कड्याखालचा असतो.

ग्राफिक्स कार्डाची स्वतःची स्मृती असते आणि तेथेही जागेचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. भिंत, गवत, कापड यांचे पृष्ठभाग दाखवणाऱ्या प्रतिमांना टेक्स्चर म्हणतात. ४०९६ गुणिले ४०९६ ठिपक्यांचे एक टेक्स्चर दर ठिपक्याला चार बाइट धरल्यास, न दाबता ठेवले तर, ६४ मेगाबाइट व्यापते, आणि एका दृश्यात अशी शेकडो टेक्स्चर असू शकतात. दाबून ठेवल्याने ही जागा चौथाईवर किंवा त्याहून खाली येते, तरीही दोन मोठ्या गेमसाठी कार्डावरील ८ गीगाबाइट अपुरे पडू शकतात. न मावलेला भाग मुख्य रॅममधून आणावा लागतो, आणि ती वाट कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीपेक्षा कितीतरी अरुंद असते.

लॅपटॉपमध्ये उष्णतेची भर पडते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांची उष्णता बहुधा त्याच पंख्यांनी बाहेर टाकायची असते. दोन्ही एकदम तापले की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात, म्हणून पहिली काही मिनिटे छान चाललेले दोन गेम पुढे मंदावतात.

या मर्यादांमध्ये राहून अनेक गेम चालवणारे खेळाडू आहेत. २००३ पासून चालू असलेल्या ईव्ह ऑनलाइन या अंतराळविषयक गेममध्ये एकाच संगणकावर अनेक खिडक्या उघडून अनेक पात्रे सांभाळण्याची प्रथा रुजली आहे. खेळाडू ज्या खिडकीत प्रत्यक्ष खेळत आहे तिला भरपूर फ्रेम आणि मागच्या खिडक्यांना सेकंदाला मोजक्याच, अशी विभागणी केली तर वेळेचा मोठा वाटा वाचतो. एक्सबॉक्स सीरिज एक्स या २०२० च्या उपकरणाने दुसरा मार्ग निवडला : त्यावरील क्विक रिझ्यूम सुविधेत चालू गेम एकच असतो, बाकीच्यांची संपूर्ण स्थिती एसएसडीवर उतरवून ठेवली जाते आणि निवडताच काही सेकंदांत परत मांडली जाते. जागा दोघांना एकदम देता येत नाही, हे मान्य करून काढलेली ही तोड आहे.

सामान्य वापरकर्त्याला या भेदाचा थेट उपयोग आहे, कारण उपाय दुखणे पाहून ठरतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि त्याची स्मृती यांचा वापर वेगवेगळा दिसतो. ग्राफिक्स कार्ड पूर्ण व्यग्र असेल, तर मागच्या गेमच्या फ्रेमवर मर्यादा घालून किंवा ठिपक्यांची संख्या घटवून लगेच आराम पडतो. रॅम भरली असेल, तर फ्रेम कमी करून हाती काही लागत नाही. तेथे ब्राउझरसारखे प्रोग्रॅम बंद करणे किंवा रॅम वाढवणे हेच खरे उपाय ठरतात, आणि कार्डाची स्मृती भरली असल्यास टेक्स्चरचा दर्जा उतरवावा लागतो. अभ्यास, काम आणि खेळ या सर्वांसाठी एकच संगणक असलेल्या घरात हे समजून घेणे विशेष मोलाचे आहे, कारण रॅम अपुरी असताना महाग प्रोसेसर घेण्यात खर्चलेला पैसा मूळ अडचणीला स्पर्शही करीत नाही. यंत्र मंद झाले असे म्हणण्याआधी त्यात वेळ कमी पडत आहे की जागा, एवढा एक प्रश्न विचारला गेला, तर बरीच चुकीची खरेदी टळेल.