पाच वाद्यं, एक निषाद

माझगावची माथारपाखाडी म्हणजे स्वातंत्र्यसैनिक काका बाप्टिस्टांचं गाव. लाकडी जिने, कौलारू घरं. इथल्या ईस्ट इंडियन आणि गोवेकर घरांना क्लॅरिनेट कधी परकं नव्हतं, बँडशिवाय वरात निघायचीच नाही. पण पाश्चात्त्य चेंबर संगीत म्हटलं की आपल्याला तंतुवाद्यंच आठवतात. मेहली मेहतांनी १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट उभं केलं. फुंकून वाजवणारे मात्र हॉटेलात, बँडात आणि स्टुडिओतच रमले.

फुंकून वाजवायच्या वाद्यांचाही असा मेळ असतो, सुषिर पंचक. त्यात फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि फ्रेंच हॉर्न असतात. हॉर्न पितळी, तरी या लाकडी कुटुंबात सामावलेला. मूळ प्रागच्या अँटोन रायखांनी पॅरिसात या पाचांसाठी २४ रचना केल्या. कार्ल निल्सनची प्रसिद्ध रचना १९२२ची. तरीही तंतुवाद्यांच्या चौकडीपुढे हा संग्रह तोकडाच. त्यामुळे १९९७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या इमानी विंड्सनं नव्या संगीतकारांकडून रचना लिहवून घेण्याचा सपाटा लावला. संस्थापक व्हॅलरी कोलमन स्वतः फ्लूटवादक आणि संगीतकार.

यातली आपल्या कानांना सर्वांत जवळची रचना रीना इस्माइल यांची, 'द लाइट इज द सेम'. त्यांनी भारतात येऊन हिंदुस्थानी संगीताचा अभ्यास केला आहे. या रचनेत त्यांनी वाचस्पती आणि यमन समोरासमोर ठेवले. दोन्हींत मध्यम तीव्र, बाकी स्वरही तेच. फरक फक्त निषादाचा: वाचस्पतीत कोमल, यमनमध्ये शुद्ध. मनोवृत्ती मात्र एकदम वेगळ्या. चाव्यांच्या वाद्यावर मींड काढणं सोपं नाही, ती ओठांनी आणि श्वासानं साधावी लागते. आपला सनईवाला हेच करत आला आहे, आणि ओबोही सनईसारखंच दुहेरी पत्तीचं.

मग राग आणि पाश्चात्त्य वाद्यांचा हा मेळ मुंबईत आधी का झाला नाही? झाला होता, निदान सुरुवात तरी. गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये मुंबईत वाद्यवृंद उभारून रागांना पाश्चात्त्य हार्मनीत बसवलं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सोल्फेज शिकलेले, नोटेशन झरझर वाचणारे वादक हाताशी होते. पण पोट सिनेमाच्या शिफ्टवर चालायचं. चारदोन बारचा म्युझिक पीस वाजवून वादक घरी जायचा, आणि स्वतंत्र रचनेला ना पैसा ना श्रोता. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले. त्यांचं नाव उरलं ते शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांच्या १९७७च्या गाण्यात, तेही विनोदी ढंगात. मला हे फार लागतं.

आता नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६पासून आहे. त्यात ही पाचही वाद्यं वाजतात. एखाद्या मराठी किंवा गोवेकर संगीतकाराकडून त्यांनी पंचक लिहवून घ्यावं, आणि पहिला प्रयोग माझगावात करावा.