शाबासकी जरा आवरा

सरकारी नोकऱ्यांतल्या दिव्यांगांच्या आरक्षणावर या आठवड्यात लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण साताऱ्याहून एका वडिलांचं पत्र आलंय आणि त्यांनी माझ्या आवडीच्या विषयाला हात घातलाय. मुलगा २६ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला. उटण्याच्या पुड्या भरण्याच्या कामाचे त्यांनी छोटे छोटे टप्पे पाडले. ‘शेजारी बसून प्रत्येक पुडीला शाब्बास म्हणतो तोवर झकास चालतं. फोन घ्यायला उठलो की याचा हात थांबलाच. काय करू?’

शाब्बास म्हणणं हळूहळू थांबवा. आणि हे मी कुठून शिकलो तेही ऐका.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मार्क गोल्ड नावाचे संशोधक होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना तिथल्या कार्यशाळांत फार तर पाकिटं भरण्यासारखं काम देत. गोल्डनी त्यांच्यापुढे सायकलचा ब्रेक ठेवला, तोही सुट्या भागांत. पेडल उलटं फिरवलं की लागणारा, मागच्या चाकाच्या हबमध्ये बसणारा ब्रेक. भाग १५. जोडणारे ६४ जण. १९७२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा जवळजवळ सगळे तो ब्रेक बिनचूक जोडायला शिकले होते. पुढे २४ भागांचाही जोडला.

एक युक्ती लाल रंगाची. भाग हातात धरताना जी बाजू आपल्याकडे यायला हवी, तेवढीच काही जणांसाठी रंगवलेली होती. ते इतरांपेक्षा लवकर शिकले. आमच्याकडे अशीच मुलं उटण्याच्या पुड्या भरतात; तिथल्या तबकडीच्या काट्यावर ५० ग्रॅमपाशी नेलपॉलिशची लाल रेघ आहे, ती इथूनच उचललेली. आकडे न वाचता येणारी आमची एक मुलगी रेघ बघून उटणं घालते, काटा पुढे गेला की चमच्याने चिमूटभर काढते, पुन्हा वाकून बघते. तिचं वजन चुकत नाही.

पण माझा खरा जीव गोल्डच्या दुसऱ्या गोष्टीवर. ते शिकवताना जवळजवळ बोलतच नसत. समोर न बसता शेजारी बसायचं, लागलं तर बोटाने दाखवायचं किंवा हाताला हलकेच दिशा द्यायची. चुकलं तर एवढंच म्हणायचं, ‘वेगळं करून बघ.’ बरोबर आलं तर गप्प! आपण दर वेळी ‘व्वा’ म्हटलं की शिकणाऱ्याचे डोळे कामावरून उठून आपल्या चेहऱ्यावर येतात. साताऱ्यात नेमकं हेच झालंय. तो पुडी भरत नाहीये, बाबांचा चेहरा वाचतोय. आमच्या क्षेत्रातल्या टाळ्यांच्या हौसेवर माझा राग आहे तो यासाठी. कारखान्यातला सुपरवायझर काही पुडीगणिक टाळ्या वाजवणार नाही.

गोल्डचं आणखी एक म्हणणं होतं: अंगात कसब जितकं जास्त, तितकं माणसाचं वेगळेपण लोक चालवून घेतात. कडू आहे, पण दुकानदारांशी बोलताना मला रोज पटतं. पॅकिंग चोख असेल तर मुलगा स्वतःशी पुटपुटतो याची तक्रार कुणी करत नाही.

तर बाबा, असं करा. शब्द एकदम तोडू नका, नाहीतर तो बिचकेल. आधी दोन पुड्यांनंतर एकदा बोला, मग पाचांनंतर, मग फक्त ट्रे भरल्यावर. दहा खणांचा ट्रे घ्या. खण भरत गेले की काम पुढे सरकतंय हे त्याचं त्यालाच दिसेल. तुमची खुर्चीही हलवा: शेजारून थोडी मागे, मग दाराशी, मग बाहेर. हात थांबला तर बोलू नका, पुढच्या पाकिटावर बोट ठेवा. आणि पुड्या दुकानात पोचवायला त्यालाच न्या. पैसे त्याच्या हातात पडू देत, तिथे हवं तेवढं कौतुक करा.

आरक्षणाचं आता पुढच्या आठवड्यात नक्की. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या चार टक्क्यांपैकी आपल्या मुलांच्या वाट्याचा एक टक्का आणखी कुणाकुणाशी वाटून घ्यावा लागतो, ते बघू. ज्यांच्याकडे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आहे त्यांनी ते काढून ठेवा.