दोन जागा, तिघं जण

‘तुम्हाला काय बाई, विमान घरचंच!’ मंडळाच्या गणपतीत, कोजागरीला, हळदीकुंकवाला हे वाक्य मला दरवर्षी ऐकायला मिळतं. नवरा ऑकलंड विमानतळावर विमानांच्या देखभालीचं काम करतो, त्यामुळे आम्हाला सवलतीत तिकिटं मिळतात, हे खरं. पण त्या तिकिटावर आसनक्रमांक नसतो, हे कुणाला माहीत नसतं.

याला स्टँडबाय म्हणतात. पूर्ण पैसे भरलेले प्रवासी बसले आणि तरी जागा उरली, तर ती आमची. त्यातही रांग असते. कामासाठी निघालेले कर्मचारी आधी, सुट्टीवर निघालेले नंतर, आणि त्यांच्यातही ज्याची नोकरी जुनी त्याचा नंबर वर. विमानाचं दार बंद व्हायला थोडा वेळ उरला की काउंटरवरून नावं पुकारतात. तोवर रेल्वेचा चार्ट लागायची वाट बघत फलाटावर उभं राहिल्यासारखं उभं राहायचं. एस.टी.त निदान खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येते!

अनुभवातून आमच्या घरात चार नियम झाले आहेत. सामान हातात मावेल एवढंच. कपडे नीटनेटके. काउंटरवर हुज्जत घालायची नाही. आणि परतीसाठी दिवसाच्या शेवटच्या विमानावर विसंबायचं नाही. यंदा सप्टेंबरमध्ये चौथा नियम आम्ही मोडला, त्याची ही गोष्ट.

नवऱ्याला शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळाली, म्हणून आम्ही राजधानी बघायला निघालो. ऑकलंडहून वेलिंग्टन विमानाने जेमतेम तासाभरावर, पण एवढ्या वर्षांत जाणं झालं नव्हतं. सकाळचं पहिलं विमान भरून गेलं. दुसऱ्यात तीन जागा मिळाल्या, तीन वेगवेगळ्या रांगांत. उतरताना विमान असं हेलकावे खाऊ लागलं, की शेजारच्या अनोळखी आजींनी माझा हात धरला. तिथली धावपट्टी दोन उपसागरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे, जेमतेम दोन किलोमीटरची. त्यात उत्तर आणि दक्षिण बेटांच्या मधून कुक सामुद्रधुनीचा वारा सुसाट येतो. नवरा मात्र मागच्या रांगेत शांतपणे झोपला होता.

शनिवारी लॅम्बटन कीवरून केबल कारने वर केलबर्नला गेलो. १९०२ पासून ही लाल गाडी डोंगर चढते आहे. वरून सगळं बंदर ओंजळीत घेतल्यासारखं दिसतं. नंतर ते पापा हे राष्ट्रीय संग्रहालय. तिथे ४९५ किलोचा महाकाय स्क्विड ठेवला आहे, २००७ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात पकडलेला. लेक त्याच्यापुढून हलेना. दिवस तिथेच संपला.

मला बघायचं होतं वेगळंच. पार्लमेंटच्या गोल ‘बीहाइव्ह’ इमारतीजवळ, मोल्सवर्थ स्ट्रीटवर राष्ट्रीय ग्रंथालय आहे. तिथे ‘हे तोहू’ या दालनात देशाचे तीन मूळ दस्तऐवज ठेवले आहेत: १८३५ ची माओरी प्रमुखांची स्वातंत्र्यघोषणा, १८४० चा वैतांगीचा करार आणि १८९३ चा स्त्रियांच्या मताधिकाराचा अर्ज. सांगलीला सहा वर्षं मी आठवी-नववीला इतिहास शिकवला. ‘स्त्रियांना मताधिकार देणारा पहिला देश न्यूझीलंड’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! रविवारी सकाळी आम्ही दारात पोहोचलो, तर दार बंद. रविवारी ते उघडतच नाही. वेळ बघून न निघण्याची चूक माझीच. चडफडत परतले.

दुपारी वारा वाढला. एक विमान रद्द झालं आणि त्यातले प्रवासी पुढच्या विमानांत वाटले गेले. पडद्यावर आमची नावं खाली खाली सरकत गेली. दोन विमानं आमच्याशिवाय गेली. उरलं शेवटचं. काउंटरवरच्या मुलीने आम्हाला बोलावलं आणि दोन बोटं वर केली.

‘‘तुम्ही दोघी जा. मी कामावर फोन करतो,’’ नवरा म्हणाला. त्याची सोमवारी सकाळी सहाची पाळी होती आणि एक जण आधीच रजेवर होता. लेकीचं शाळेत भाषण होतं, आठवडाभर पाठ केलेलं.

‘‘तुम्ही दोघं जा. माझी कुठे कुणी हजेरी घेणार आहे?’’ मी म्हणाले.

‘‘आई, तू एकटी राहशील?’’ लेकीने विचारलं.

‘‘राहीन की! मोठी आहे मी.’’

ती दोघं आत गेली. मी बसने किलबर्नीतल्या एका छोट्या मोटेलवर आले. तिकिटांत वाचलेले पैसे त्या एका रात्रीत गेले, वर थोडे आणखी. लेक झाल्यापासून एकटी झोपायची ती पहिलीच रात्र. पण झोप आली नाही, ती माझ्याच वाक्यामुळे. सहा वर्षं दुसऱ्यांची हजेरी घेणारी मी हे किती सहज बोलून गेले होते.

सोमवारी सकाळी ग्रंथालय उघडलं आणि मी आत गेले. दालनात मंद उजेड. काचेखाली तो अर्ज. ५४६ कागद एकाला एक चिकटवून केलेली, २७० मीटरहून लांब गुंडाळी. ती झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळली होती आणि सर जॉन हॉल यांनी ती भर पार्लमेंटमध्ये जमिनीवर उलगडली. मी मास्तरीण, माझं लक्ष आधी अक्षरांकडे गेलं. कुणाचं वळणदार, कुणाचं घाईचं, कुणाचं हात थरथरल्यासारखं.

पाठ्यपुस्तकातल्या त्या एका ओळीमागचं बरंच काही मी वर्गात सांगितलंच नव्हतं. १८९१ मध्ये नऊ हजारांहून अधिक सह्यांचे अर्ज गेले, कायदा झाला नाही. १८९२ मध्ये सुमारे वीस हजार सह्या, तरी नाही. १८९३ मध्ये जवळजवळ बत्तीस हजार. वरिष्ठ सभागृहात विधेयक वीस विरुद्ध अठरा मतांनी, म्हणजे अवघ्या दोन मतांनी तरलं आणि १९ सप्टेंबरला गव्हर्नरची सही झाली. या चळवळीच्या पुढारी केट शेपर्ड आपल्या दहा डॉलरच्या नोटेवर आहेत. त्यांनी ज्या ख्रिस्ती महिला मद्यपानविरोधी संघटनेतून काम केलं, तिच्याशी अमेरिकेत असताना आपल्या पंडिता रमाबाईही जोडल्या गेल्या होत्या. हे आठवलं आणि त्या काचेपाशी मला अगदीच परकं वाटेना.

त्या बायकांचं नाव दोनदा पुकारलं गेलं नाही. पण त्या नुसत्या थांबल्या नाहीत, दर वेळी यादी वाढवून परत आल्या. आणि माझे कागद? इथे शिकवायचं तर पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, मग शिक्षक म्हणून नोंदणी. सगळी प्रमाणपत्रं तीन वर्षं एका फायलीत पडून होती. ‘लेक थोडी मोठी होऊ दे’, ‘घर बदलू दे’, ‘पुढच्या वर्षी बघू’. मला कुणी नाकारलंच नव्हतं. मी रांगेत उभीच राहिले नव्हते.

दुपारच्या विमानात जागा मिळाली, मधली, दोन धिप्पाड माणसांच्या बेचक्यात. संध्याकाळी लेकीने भाषण पुन्हा म्हणून दाखवलं. त्याच आठवड्यात मी फाइल काढली आणि पहिला अर्ज भरला. उत्तर यायचं आहे.

तुम्ही वेलिंग्टनला गेलात, तर ‘हे तोहू’ शनिवारीच बघा. प्रवेश मोफत आहे. आणि तिकीट आमच्यासारखं असेल, तर परतीला दुपारचं विमान धरा.