चष्म्याची काडी आणि हेडफोनची गादी

लग्नसराईत नगर-पुणे रस्त्यावरील एखाद्या लॉनवर संगीत संध्येचा कार्यक्रम रंगात आलेला असतो. मंचाच्या कडेला, यंत्रांच्या टेबलामागे चष्मा लावलेला एक तरुण उभा असतो. एक कान हेडफोनच्या आत, दुसरा बाहेर. दर दहा-पंधरा मिनिटांनी तो हेडफोन वर उचलतो, चष्मा काढतो, कानामागचा भाग चोळतो आणि पुन्हा कामाला लागतो. पाहुण्यांना वाटते, तो पुढच्या गाण्याची जुळवाजुळव करीत आहे. प्रत्यक्षात चष्म्याची काडी त्याच्या कानामागच्या हाडात रुतलेली असते.

हा तरुण आता व्यापारी घराण्यांतूनही येऊ लागला आहे. कापड, भुसार किंवा सराफीची पेढी सांभाळणाऱ्या कुटुंबातील एखादा मुलगा किंवा मुलगी दांडियाचे ध्वनिसंयोजन करते, भक्तिसंध्येचे मुद्रण करते, स्तवनांच्या चित्रफिती घरी बसून संपादित करते. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, बाजारपेठेच्या तोंडी अजून ‘नगर’च आहे, आणि या नगरच्या बाजारात दहा-पंधरा हजारांचा हेडफोन मागणारे गिऱ्हाईक आता नवलाचे राहिलेले नाही. वडील मंडळींना मात्र ही खरेदी हौसेची वाटते. ‘दुखते तर काढून ठेव’ एवढाच सल्ला दिला जातो. तो अपुरा आहे, कारण येथे प्रश्न केवळ दुखण्याचा नसून श्रवणशक्तीचा आहे.

हेडफोनचे तीन भाग लक्षात घ्यावेत : डोक्यावरची पट्टी, दोन वाट्या आणि वाट्यांवरच्या गाद्या. पट्टी दोन्ही बाजूंनी डोके दाबते. हा दाब नसेल तर हेडफोन घसरेल आणि बाहेरचा आवाज आत येईल. चष्मा नसलेल्या माणसाच्या बाबतीत हा दाब गादीभर पसरतो. चष्मा असला की तोच दाब काडीच्या अरुंद रेषेवर गोळा होतो. काडीच्या खाली कानशिलाचे हाड, मागे कानाची कूर्चा. अर्ध्या तासात कान तापतो, तासाभरात डोके धरते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असून ती सहसा कोणी सांगत नाही. काडीमुळे गादी त्वचेला सर्वत्र चिकटत नाही. काडीच्या वर आणि खाली बारीकशी फट राहते. खर्जातील आवाज, म्हणजे डग्ग्याची घुमक, ढोलाचा ठोका, बेस गिटार, या फटीतून निसटतो. तार स्वर तसेच राहतात. त्यामुळे ऐकणाऱ्याला गाणे पातळ वाटते. ध्वनिसंयोजक असेल तर तो खर्ज वाढवून ठेवतो आणि सभागृहात डग्गा बदाबदा वाजू लागतो. त्याहून वाईट म्हणजे तो हेडफोनचाच आवाज वाढवतो. फट बुजवण्याचे काम अशा रीतीने कानाच्या पडद्यावर येऊन पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. दर ३ डेसिबलच्या वाढीला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती सुमारे ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला आठवड्याला जेमतेम २० मिनिटे उरतात. व्याजाचा दर थोडा वाढला की मुद्दल किती लवकर फुगते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. येथे हिशेब तोच आहे, फक्त वसुली उशिरा होते. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत.

निवड करताना प्रथम काम कोणते हे ठरवावे. डीजेचे काम उभ्याने, गोंगाटात आणि तुटक असते. एका कानाने पुढचे गाणे ऐकायचे, दुसऱ्याने सभागृहाचा आवाज, आणि हेडफोन सारखा वर-खाली करायचा. त्यासाठी वाटी फिरणारी हवी, पट्टी मजबूत हवी आणि बाहेरचा आवाज अडला पाहिजे. मुद्रण व संपादनाचे काम याच्या उलट असते. तेथे माणूस तासन् तास एका जागी बसतो. ध्वनिक्षेपकाचा आवाज मायक्रोफोनमध्ये परत शिरू नये म्हणून आकाशवाणीच्या स्टुडिओत मायक्रोफोन सुरू होताच तेथील ध्वनिक्षेपक बंद होतो आणि निवेदकाला हेडफोनवरच विसंबावे लागते. घरच्या खोलीत स्तवन मुद्रित करणाऱ्याचीही हीच स्थिती असते. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, आणि घरातली मंडळीही झोपलेली असतात. तेव्हा रात्रीचे संपादन हेडफोनवरच होते.

डीजे मंडळींत जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा एचडी २५ हा नमुना १९८८ पासून प्रसिद्ध आहे. वायर वगळता वजन सुमारे १४० ग्रॅम, एक वाटी फिरणारी, सुटे भाग मिळणारे. परंतु त्याची छोटी गादी कानाभोवती न बसता कानावरच बसते. चष्मा असलेल्याची कानाची पाळी अशा वेळी गादी आणि काडी यांच्यामध्ये अडकित्त्यातल्या सुपारीसारखी सापडते. तासाभराच्या कार्यक्रमास तो चालेल. चार तासांच्या संगीत संध्येस चष्मेवाल्याने विचार करूनच घ्यावा. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स कानाभोवती बसतो आणि त्याच्या वाट्या ९० अंशांत वळतात, म्हणून डीजेचे व मुद्रणाचे अशी दोन्ही कामे करणाऱ्यास तो सोयीचा पडतो. वजन मात्र २८५ ग्रॅम. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा, स्टुडिओंमध्ये मुरलेला नमुना. वजनाला हलका, पण गादी पातळ. बसून करण्याच्या कामासाठी बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो चष्मेवाल्यांना बहुधा अधिक मानवतो. त्याची गादी जाड आणि मखमली कापडाची असल्याने काडीभोवती जिरते. तो घेताना ओहमचा आकडा पाहावा. २५० ओहमचा प्रकार मोबाइलवर क्षीण वाजतो. साध्या उपकरणांसाठी ३२ किंवा ८० ओहमचा घ्यावा.

गादीच्या कापडाचा विचार जैन कुटुंबांना आणखी एका कारणाने करावा लागतो. महागड्या हेडफोनांच्या आणि सुट्या मिळणाऱ्या काही गाद्या खऱ्या मेंढीच्या कातड्याच्या असतात. बहुसंख्य गाद्या कृत्रिम चामड्याच्या असल्या, तरी ‘प्रोटीन लेदर’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही प्रकारांत प्राणिज प्रथिनांची भुकटी मिसळलेली असते. डब्यावर याचा उलगडा असेलच असे नाही. विक्रेत्याला स्पष्ट विचारावे, शंका राहिल्यास कंपनीला लेखी विचारावे. पॉलिस्टरच्या मखमली गादीत हा प्रश्न उरत नाही. शिवाय ती नगरच्या उन्हाळ्यात कमी चिकटते. कृत्रिम चामडे घामाने दोन-तीन वर्षांत पापुद्रे टाकू लागते. मखमलीचा दोष एवढाच की, ती बाहेरचा आवाज थोडा अधिक आत येऊ देते. घरातील कामाला त्याने बिघडत नाही. ढोल-ताशांशेजारी उभ्या असणाऱ्यास बिघडते.

चष्म्याकडेही पाहावे. जाड प्लॅस्टिकच्या रुंद काड्या सध्या तरुणांना आवडतात, पण हेडफोनखाली त्याच सर्वाधिक त्रास देतात. बारीक, सरळ आणि लवचीक धातूच्या काड्या असलेला एक चष्मा केवळ या कामासाठी करून घेणे, हे नवा हेडफोन घेण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. ज्यांना फक्त चाळिशी लागली आहे त्यांनी तर ऐकताना चष्मा काढूनच ठेवावा. यंत्रावरचे आकडे वाचायला तो गळ्यातील दोरीला असू द्यावा.

खरेदी शक्यतो प्रत्यक्ष करावी. मोठी निवड हवी असेल तर नगरकराला पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. नेहमीचा चष्मा घालून जावे आणि डग्गा स्पष्ट असलेले एखादे परिचयाचे भजन मोबाइलमध्ये न्यावे. हेडफोन लावून ते मंद आवाजात ऐकावे, मग दोन्ही वाट्या हातांनी हलकेच दाबाव्यात. दाबताच डग्गा एकदम भरदार झाला, तर फट आहे असे समजावे. त्यानंतर चष्मा काढून तेच भजन ऐकावे. फरक नगण्य असेल तर गादी काडीला जुळली. पुढे वीस मिनिटे हेडफोन डोक्यावरच ठेवून दुकानदाराशी गप्पा माराव्यात, कारण पहिल्या दोन मिनिटांत कोणताही हेडफोन मऊच लागतो. अशी वीस मिनिटे गिऱ्हाइकाला देण्यास काही दुकानदार नाखूश असतात. हा व्यापार अदूरदर्शी आहे. मनासारखा बसलेला माल परत येत नाही, घाईने गळ्यात मारलेला परत येतो. ऑनलाइन मागवायचा झाल्यास परतीची मुदत आधी वाचावी. ध्वनिव्यवसाय जीएसटीखाली नोंदलेला असेल, तर बिल पेढीच्या नावाने व क्रमांकासह घ्यावे. भरलेल्या कराची वजावट मिळते आणि वॉरंटीचा पुरावाही राहतो.

आधीच घेतलेला हेडफोन घट्ट वाटत असेल, तर तो लगेच टाकून देण्याचे कारण नाही. धातूची पट्टी असल्यास डोक्याच्या रुंदीपेक्षा किंचित अधिक रुंद अशी वह्यांची चळत रचून तिच्यावर तो रात्रभर अडकवून ठेवावा. व्यापाऱ्याच्या घरात जुन्या खतावण्यांना तोटा नसतो. दोन-चार रात्रींत दाब जाणवण्याइतका उतरतो. प्लॅस्टिकची पट्टी ताणू नये, ती तडकते. सैल करताना मर्यादाही सांभाळावी, कारण फार सैल झालेला हेडफोन पुन्हा फटच निर्माण करतो. कित्येक नमुन्यांच्या गाद्या सुट्या मिळतात. जुन्या पातळ गादीच्या जागी जाड, मऊ स्पंजाची गादी बसवली की निम्मे दुखणे जाते. काडीसाठी खाच ठेवलेल्या गाद्याही आता बाजारात आल्या आहेत.

आणखी एक साधी युक्ती आहे. बहुतेक जण चष्म्यावर हेडफोन चढवतात. त्याऐवजी आधी हेडफोन लावावा, गादी कानाभोवती नीट बसू द्यावी आणि मग काड्या कानाच्या थोड्या वरून, गादीच्या मऊ भागातून अलगद सरकवाव्यात. काडी हाडावरून उचलली जाते. चष्मा नाकावर किंचित तिरपा दिसतो खरा, पण यंत्रांच्या टेबलामागे उभ्या असलेल्याच्या चष्म्याकडे लग्नघरी कोणाचे लक्ष नसते.